संगणकाला आज्ञा : अक्षराने की शब्दाने?

संगणक म्हटला की डोळ्यांपुढे चित्रे, खिडक्या आणि माऊस उभा राहतो. पण मोठमोठे संगणक जी माणसे सांभाळतात, ती आजही त्याच्याशी लिहून बोलतात. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि एंटरची कळ दाबायची. या आज्ञेला शेपूट जोडता येते. 'यादी दाखव' ही झाली आज्ञा, 'उलट क्रमाने' हे तिचे शेपूट. त्याला ऑप्शन म्हणतात. ते दोन तऱ्हांनी लिहितात : एक आडवी रेघ देऊन एकच अक्षर, किंवा दोन रेघा देऊन अख्खा शब्द. म्हणजे नुसते 'आर', नाही तर पुरते 'रिव्हर्स'. अर्थ एकच. आता तुम्ही म्हणाल, मग वाद कशाचा?

आखूड रूप आधी जन्मले, आणि त्याला कारण होते. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचायला घेतली. समोर पडदा नव्हता. टेलिटाइप यंत्र होते. कळा जड, आणि कागदावर छपाई सेकंदाला अवघी १० अक्षरे. अशा यंत्रापुढे बसलेला माणूस शब्द कापणारच! काटकसर इतकी की 'क्रिएट' या शब्दाच्या शेवटचे 'ई'देखील त्यांनी गाळले. युनिक्स पुन्हा रचायची झाली तर काय बदलाल, असे पुढे कुणी विचारले, तेव्हा ते 'ई' परत घालीन, असे टॉमसन म्हणाले.

आपल्याकडे तारेचे असेच होते. २०१३ साली तारसेवा बंद झाली. तोवर फॉर्मवर एक आकडा लिहिला की पलीकडे शुभेच्छांचे अख्खे वाक्य पोहोचत असे. मात्र आकड्यांची यादी सगळीकडे एकच होती. युनिक्सचे तसे झाले नाही. आज्ञा वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या, आणि ज्याने त्याने अक्षर आपल्या सोयीने घेतले. 'एफ' हेच पाहा. फाइल पुसणाऱ्या 'आरएम'ला ते 'न विचारता पुसून टाक' असे सांगते. गठ्ठा बांधणाऱ्या 'टार'ला ते 'पुढे गठ्ठ्याचे नाव येत आहे' असे सांगते. 'टेल'ला सांगते, 'नवे येईल तसतसे दाखवत राहा.'

'आर'ची गोष्ट याहून वाईट. 'आरएम'पुढे स्मॉल आर लिहिला की ती फोल्डरच्या आत, त्याच्याही आत शिरते. हेच शिकलेला माणूस परवानग्या बदलणाऱ्या 'चमॉड'पुढेही स्मॉल आर लिहितो. तिथे आत शिरायला कॅपिटल आर लागतो. स्मॉल आरने वाचण्याची परवानगीच काढून घेतली जाते. आपल्या देवनागरीत कॅपिटल-स्मॉल ही भानगड नाही, त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांना हा भेद मुद्दाम सांगावा लागतो. शिवाय अक्षरे एकत्र गुंफता येतात, पण क्रम सांभाळून. 'टार'ला 'सी, व्ही, एफ' असे सांगितले तर ठीक. 'सी, एफ, व्ही' सांगितले की ती 'व्ही' याच नावाचा गठ्ठा बांधून मोकळी!

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्या प्रकल्पाने दोन रेघांचे लांब रूप रुळवले. अक्षरे २६च, शब्दांना तोटा नाही, म्हणून एका अर्थाला सगळीकडे एकच शब्द ठेवता येतो. पण लांब रूप सर्वत्र चालते असे समजू नये. पॉझिक्स या मानकाने एकाक्षरी ऑप्शनच प्रमाण धरले. त्यामुळे लिनक्सवर चालणारे 'रिकर्सिव्ह' मॅकवरच्या 'आरएम'ला कळत नाही. ग्नूच्या आज्ञा अर्धवट शब्दही ओळखतात. मात्र उद्या त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा ऑप्शन आला की आजचा अर्धा शब्द संदिग्ध होतो.

माझे मत असे : हाताने टाइप करून लगेच विसरायची आज्ञा असेल तर आखूडच बरी, आणि टॅबची कळ बऱ्याचदा लांब शब्दही पुरा करून देते. पण स्क्रिप्ट ही लिहून ठेवलेली चीज. एकदा टाइप होते, पुढे कित्येकदा वाचली जाते, आणि वाचणारा बहुधा दुसराच असतो. मध्यरात्री बिघाड निस्तरायला बसलेल्या त्या माणसाला 'आरसिंक'पुढचा 'एन' दिसला, तर त्याने काय समजावे? 'हेड'ला तेच अक्षर ओळींची संख्या सांगते, 'सॉर्ट'ला आकड्यांप्रमाणे लाव म्हणते. इथे त्याचा अर्थ 'खरे काही करू नकोस, नुसते करून दाखव' असा आहे. हा 'एन' निरर्थक समजून त्याने खोडला, तर रंगीत तालीम जाऊन खरा प्रयोग सुरू होतो. 'ड्राय रन' असे लिहिले असते, तर खोडण्याआधी तो थबकला असता.

त्याच 'आरसिंक'मध्ये, मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली पलीकडून पुसणाऱ्या 'डिलीट'ला आखूड रूपच दिलेले नाही. ग्नूचे 'आरएम' तर एक पाऊल पुढे जाते. संगणकाचे मूळ फोल्डर पुसायला ते आपण होऊन नकार देते. तो नकार मोडणारा एक लांबलचक ऑप्शन आहे, 'नो प्रिझर्व्ह रूट'. एरवी अर्धवट शब्द चालवून घेणारी ही आज्ञा इथे मात्र अडून बसते. तो शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत पुरा लिहावा लागतो.