झाडे गेली, श्वासाचे काय?

एलिझाबेथ डुलेम्बा यांची 'अ बर्ड ऑन वॉटर स्ट्रीट' ही किशोर कादंबरी मी वाचली. अमेरिकेतील टेनेसीच्या तांबे-खाणीच्या गावात वाढणारा मुलगा; भोवती डोंगर बोडके. हे चित्र खरे आहे. तेथे पूर्वी झाडे तोडून उघड्यावर खनिज भाजत. त्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडने उरलेली झाडेही गेली. १९०७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या जॉर्जिया राज्याची तक्रार उचलून धरली.

हा वायू ओलसर श्वासनलिकेत आम्ल बनतो, नलिका आकसतात. मुलांच्या नलिका अरुंद, श्वास जलद, म्हणून त्रास अधिक. दमेकरी मुलाला काही मिनिटांतच धाप लागते. धुराजवळ राहणारे आपले मूल रात्री खोकत असेल, छातीत घरघर होत असेल, तर 'साधी सर्दी' समजू नका, डॉक्टरांना दाखवा.