जयपूरचा तह आणि त्याची वसुली

सवाई जयसिंगांच्या मृत्यूनंतर (१७४३) जयपूरच्या गादीसाठी ईश्वरीसिंह व माधोसिंह या सावत्र भावांत कलह पेटला. १७४८ साली बगरू येथे मल्हारराव होळकरांनी माधोसिंहाचा पक्ष घेऊन ईश्वरीसिंहास तहास भाग पाडले. भावास परगणे आणि मराठ्यांस खंडणी, असे ठरले. पण लढायांनी रिता झालेला खजिना ती भरणार कोठून? वसुलीची फौज दाराशी येताच डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने विष घेतले. माधोसिंह मराठ्यांच्याच बळावर गादीवर बसला. लागलीच त्याच्यापुढेही मागण्या आल्या. राजा आपण बसविला म्हणजे नगरही आपले झाले, असा विजेत्यांचा समज असावा. जानेवारी १७५१ मध्ये शहर पाहावयास निःशंकपणे शिरलेल्या मराठ्यांची तेथे कत्तल झाली. दहा वर्षांनी पानिपतावर माधोसिंह मराठ्यांच्या मदतीस गेला नाही.