सन्मानजनक कामाचा सिद्धांत : तुर्कस्तान ते कोगनोळी

व्यवसाय-मानसशास्त्रातील बरीचशी मांडणी 'व्यक्ती आपल्या आवडीनुसार व्यवसाय निवडते' या गृहीतावर उभी आहे. परंतु ज्यांना निवडीची संधीच मिळत नाही, त्यांचे काय? हा प्रश्न अमेरिकेतील डेव्हिड ब्लुस्टाइन यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात मांडला. २०१६ मध्ये रायन डफी, ब्लुस्टाइन व सहकाऱ्यांनी त्यास सिद्धांताचे रूप दिले.

या सिद्धांतानुसार आर्थिक अडचण व सामाजिक उपेक्षा यांमुळे सन्मानजनक काम मिळणे कठीण होते. 'मला निवड करता येते' ही जाणीव व परिस्थितीशी जुळवून घेण्याची तयारी हे यातील मधले दुवे होत. सुरक्षितता, पुरेशी विश्रांती, योग्य मोबदला, आरोग्यसेवा आणि कौटुंबिक-सामाजिक मूल्यांशी सुसंगती हे सन्मानजनक कामाचे पाच निकष आहेत.

अमेरिकेत तयार झालेली प्रश्नावली इतरत्र लागू पडते का, हे तपासावे लागते. तुर्कस्तानातील अल्प उत्पन्नाच्या कामगारांवरील असा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पडताळणीत केवळ भाषांतर पुरत नाही. पाचही निकष नव्या समाजात तसेच वेगवेगळे दिसतात का आणि त्यांचे परस्परसंबंध टिकतात का, हे पाहावे लागते. उदाहरणार्थ, 'मालकाकडून आरोग्यसेवा मिळते' या विधानाचा अर्थ खासगी विम्याच्या अमेरिकेत एक, तर सार्वजनिक विम्याच्या तुर्कस्तानात दुसरा होतो.

हीच प्रश्नावली निपाणी तालुक्यातील कोगनोळी परिसरात नेली तर? घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीचा मालक कोण, ठेकेदार की कारखानदार? तिच्या आरोग्यसेवेचा आधार १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्यात होता आणि त्यासाठी कामगार म्हणून नोंद असणे आवश्यक होते. ठेकेदाराने 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा हिशेब 'योग्य मोबदला' या निकषात कसा मांडायचा? शिवाय घर मराठी आणि राज्यकारभार कन्नड असल्याने उपेक्षेला भाषेचाही पदर येतो.

निपाणीचा इतिहास आणखी एक गोष्ट दाखवितो. १९८० च्या सुमारास तंबाखूच्या वखारींतील स्त्रिया चिकोडी तालुका कामगार महासंघात संघटित झाल्या. त्यांच्यावर युगांतर गटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. त्यांची 'निवड' एकटीची नव्हती, ती संघटनेतून आली. अन्यायाची सामाजिक जाणीव व इतरांचा आधार यांना सिद्धांतात स्थान आहे. मात्र ते मुख्यतः व्यक्तीच्या पातळीवर मोजले जाते.

महाविद्यालयातील अध्यापकांसाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. विडी कामगाराच्या मुलीस अभिरुची चाचणी देण्यापूर्वी तिला कोणते पर्याय खरोखर उपलब्ध आहेत, हे विचारावे. कागलची औद्योगिक वसाहत जवळ आहे; पण सायंकाळी परतण्याची सोय, घरची संमती आणि शुल्क यांचा विचार न करता दिलेला सल्ला निरुपयोगी ठरतो. चाचणीत कमी गुण मिळाले म्हणजे इच्छा कमी, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.