जुन्या बुलडोझरची खरेदी आणि दुरुस्तीचा अदृश्य खर्च : दिग्रस परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्याची ओळख कापूस, सोयाबीन आणि अरुणावती प्रकल्प यांच्याशी निगडित आहे. शेतजमिनीचे सपाटीकरण, शेततळी, नाला खोलीकरण आणि वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचे काम यांमुळे मातीकामाची यंत्रे भाड्याने देणे हाही येथील सुशिक्षित तरुणांना व्यवसाय वाटू लागला आहे. नवा बुलडोझर आवाक्याबाहेरचा असल्याने जुन्या यंत्राकडे वळणे स्वाभाविक ठरते. प्रस्तुत लेखकाच्या वाणिज्य शाखेच्या एका माजी विद्यार्थ्याने घरची शेती तारण ठेवून असे यंत्र घेतले. त्याने आखलेल्या अंदाजपत्रकात किंमत, हप्ता, डिझेल आणि ऑपरेटरचा पगार यांचा तपशील होता. दुरुस्तीसाठी मात्र एकच ठोकळ रक्कम होती. ऐन मे महिन्यात यंत्र बंद पडले. नवी चेन बसेपर्यंत पेरण्या सुरू झाल्या होत्या.

खर्च कोठे दडलेला असतो :
खरेदीदार सर्वसाधारणपणे इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर पाहतो आणि रंगावर भाळतो. वस्तुतः बुलडोझरच्या आयुष्यभराच्या देखभालखर्चापैकी सुमारे निम्मा वाटा अंडरकॅरेजचा, म्हणजे चेन, पिन-बुश, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट आणि ट्रॅक शू यांचा असतो, असे या क्षेत्रात मानले जाते. हे भाग एकमेकांना झिजवतात. चेनची पिन आणि बुश झिजली की दोन कड्यांमधील अंतर वाढते. मग चेन स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसत नाही आणि दातही कुरतडले जातात. म्हणून केवळ स्प्रॉकेट बदलून यंत्र 'तयार' केले असेल, तर जुनी चेन नव्या स्प्रॉकेटलाही लवकरच निकामी करते. विक्रीपूर्वी बसवलेला चकचकीत नवा भाग पाहून समाधान मानण्यापेक्षा शंका घेणे अधिक श्रेयस्कर होय.

आपल्याकडील जमीनही या झिजेला हातभार लावते. ओली काळी माती स्प्रॉकेट व चेनमध्ये ठासून बसते, वाळल्यावर घट्ट होते आणि चेनवर अवाजवी ताण येतो. खालचा मुरूम व बेसाल्टचा दगड ट्रॅक शू घासून काढतो. याच जिल्ह्यातील वणी परिसरात कोळशाच्या खुल्या खाणी आहेत; तशा खाणीत चाललेले यंत्र आणि शेतात चाललेले यंत्र यांचे तास समान असले तरी झीज समान नसते. शिवाय तासांचे मीटर बदलता येते. पेडलची झिजलेली कड आणि लिव्हरचा ढिलेपणा मात्र सहसा खरे सांगतात. फायनल ड्राइव्हच्या तेलात धातूचे चमकते कण दिसले, किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर सील अथवा गिअरवरील मोठा खर्च दाराशी आला आहे असे समजावे.

एक हिशेब :
पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरले आहेत. समजा, एका यंत्राची किंमत 16 लाख रुपये असून अंडरकॅरेज 80 टक्के झिजले आहे. दुसऱ्याची किंमत 20 लाख, झीज 30 टक्के. नवे अंडरकॅरेज 7 लाखांचे धरल्यास पहिल्यात 5.6 लाखांचे, तर दुसऱ्यात 2.1 लाखांचे अंडरकॅरेज खर्ची पडले आहे. फरक 3.5 लाखांचा. म्हणजे चार लाखांच्या स्वस्ताईतून उरले 50 हजार. आता हे पहिले यंत्र हंगामात 12 दिवस बंद राहिले आणि रोजच्या आठ तासांचे, खर्च वजा जाता, ताशी 1,000 रुपये बुडाले, तर 96 हजारांचा तोटा होतो. स्वस्त यंत्र 46 हजारांनी महाग पडले! लो-बेड ट्रेलरचे भाडे यात धरलेलेच नाही. रब्बीची काढणी ते मृगाचा पाऊस एवढाच कामाचा काळ असलेल्या आपल्या भागात बंद दिवसांची किंमत इतर ठिकाणांपेक्षा अधिक असते. बँकेचा हप्ता मात्र बारमाही असतो.

माहितीची विषमता आणि कायदा :
विक्रेत्याला जे ठाऊक असते ते खरेदीदाराला नसते, आणि त्यामुळे जुन्या मालाच्या बाजारात चांगला माल मागे हटतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले. याच विषयातील कार्यासाठी त्यांना 2001 चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाला. वर्गात हा सिद्धांत शिकवताना आपण मोटारीचेच उदाहरण देतो. बुलडोझर विद्यार्थ्यांना अधिक जवळचा वाटेल.

वस्तुविक्री कायदा, 1930 च्या कलम 16 नुसार गुणवत्तेची गर्भित हमी काही अपवाद वगळता मिळत नाही. वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असावा हा एक अपवाद. परंतु खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष आढळायला हवे होते त्यांबाबत हे संरक्षण मिळत नाही. अर्धवट तपासणी अशा रीतीने अंगलट येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळतो, तथापि केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी चेन, बुश व रोलरची मोजमापे, सध्याचे मीटर-वाचन आणि अलीकडे बदललेले भाग यांची नोंद विक्रेत्याच्या सहीनिशी करारपत्रात असणे, आणि मोजणारा मिस्त्री विक्रेत्याचा नसणे आवश्यक आहे.