पिस्तूल अडकलं, तर दोष कुणाचा?

२२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातल्या पालेमबांगला कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. आशियाई क्रीडा स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात .२२ चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वापरतात आणि वेगवान फेरीत एका गोळीला अवघे ३ सेकंद मिळतात. अशा वेळी काडतूस अडकलं तर चुकीचे समज महागात पडतात.

गैरसमज : काडतूस अडकलं म्हणजे पिस्तूलच बिघडलं.
वस्तुस्थिती : आधी मॅगझिन पाहा. त्याच्या तोंडाच्या कडा वाकल्या, स्प्रिंग मरगळली किंवा आत घाण साचली, तर काडतूस चेंबरपुढे नीट येत नाही. .२२ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत गुंततात. मॅगझिनांवर क्रमांक घाला. दर वेळी एकाच क्रमांकाचं मॅगझिन अडत असेल, तर दोष तिथेच आहे.

गैरसमज : तेल जितकं जास्त, तितकं पिस्तूल सुरळीत.
वस्तुस्थिती : जादा तेलात जळक्या दारूची काजळी आणि गोळीवरचं मेण मिसळून चिकट राड होते. चेंबर व रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर स्वच्छ पुसा, तेलाचा हात फक्त फिरवा.

गैरसमज : .२२ लिहिलेलं कुठलंही काडतूस चालतं.
वस्तुस्थिती : काडतूस कमजोर असेल तर स्लाइड पुरती मागे जात नाही, रिकामी पुंगळी आतच राहते. मनगट सैल पडलं तरी असंच होऊ शकतं. पिस्तुलाच्या उत्पादकाने सांगितलेलंच काडतूस वापरा.

गैरसमज : अडकलं की झटपट आपणच मोकळं करावं.
वस्तुस्थिती : खटका दाबूनही बार झाला नाही, तर दारू उशिरा पेटू शकते. नळी लक्ष्याकडेच ठेवा, बोट खटक्यावरून काढा, थांबा. बार दबका वाजला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढची मुळीच झाडू नका. स्पर्धेत मोकळा हात वर करून अधिकाऱ्याला बोलवा. बिघाड नियमात बसला तर पुन्हा संधी मिळते. अधिकारी येण्याआधी पिस्तुलाशी खटपट केली तर ही संधी जाऊ शकते.

गैरसमज : घरीच कानस मारून भागतं.
वस्तुस्थिती : शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. काम परवानाधारक कारागिराकडेच द्या.

उद्या राणीसावरगावसारख्या गावातली एखादी मुलगी पुण्याच्या बालेवाडीच्या रेंजवर उभी राहील. नेम धरण्याआधी तिला नळीची दिशा सांभाळायला शिकवा.