पैनगंगा आणि तीसचा आकडा

बेल्याच्या उत्तरेला पैनगंगा. अलीकडे तेलंगण, पलीकडे महाराष्ट्र. श्रावणात तिचा पूर आपण पाहतो आणि वैशाखात उरलेले डोहही. कारखान्याचे सांडपाणी तिच्यात किती चालेल, याचे उत्तर दोन्ही महिन्यांत एकच कसे असेल?

सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. त्या भुकेचे माप म्हणजे बीओडी. १९९३ च्या सर्वसाधारण मानकांनुसार नदीत सोडायच्या सांडपाण्यात ते लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते. स्नानाच्या पाण्यात मात्र ३ च्या वर नको. मधले अंतर नदीने भरून काढायचे!

ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९१२ साली हा हिशेब उघड मांडला होता. आजच्या मापात सांगायचे तर सांडपाणी २० चे, नदी २ ची, आणि सांडपाण्याच्या एका भागाला नदीचे निदान आठ भाग. आठ दुणे सोळा, त्यात वीस मिळवले की छत्तीस. नऊ भागांत वाटले की ४. एवढे नदीला सोसते, असे त्यांनी मानले.

हेच गणित आपल्या ३० ला लावून पाहा. नदी २ चीच धरू. एका भागाला नदीचे ९९ भाग असतील, तर मिश्रण २.२८ चे, चिंता नाही. ९ भाग असतील तर ४.८. वैशाखात एकास एक झाले, की १६. उलट बाजूने मांडले, तर ३ ची मर्यादा राखण्यासाठी ९ भागांच्या नदीत सांडपाणी १२ चेच हवे, आणि एकास एक असताना ४ चे. बीओडी वाहता वाहता थोडे तरी कमी होते. क्षार तसेच पुढे वर्धेत जातात.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे सतरावे कलम राज्य मंडळांना सांगते, की एखाद्या प्रवाहासाठी मानक ठरवताना कोरड्या दिवसांत मिळणारे किमान पाणी ध्यानात घ्या. म्हणून परवानगीचा कागद हाती आला, तर तीसचा आकडा नंतर वाचा. आधी प्रवाह कोणत्या महिन्यात मोजला ते शोधा. आणि आपल्या नदीची गोष्ट आणखी थोडी वेगळी. तिच्या दोन काठांवर दोन राज्यांची दोन मंडळे आहेत. दोघांनी आपापल्या कागदावर तेच नऊ भाग पाणी धरले, तर डोहात ते दोनदा येणार कुठून?