घरची पागा : अश्वपालक कुटुंबाची दिनचर्या आणि तिचे न मोजलेले श्रम

प्रस्तावना

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील चेणे हे गाव ठाणे-घोडबंदर मार्गावर, एका बाजूस वसईची खाडी आणि दुसऱ्या बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल अशा पट्ट्यात वसले आहे. ज्या घोडबंदरावरून या मार्गाला नाव मिळाले, त्याची व्युत्पत्ती परंपरेने घोड्यांच्या व्यापाराशी जोडली जाते. समुद्रमार्गे आणलेले अरबी घोडे या बंदरात उतरवले जात, असे सांगितले जाते. आज हा मार्ग मोटारींच्या अखंड वर्दळीचा आहे. घोड्याची खूण उरली आहे ती नावात.

देशाचे चित्रही याहून फारसे वेगळे नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत घोडे व तट्टू मिळून सुमारे ३.४ लाख जनावरे आढळली; २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्के होती. मात्र हा आकडा जनावरांचा आहे. त्यांच्याभोवती ज्यांचे दिवस-रात्र बांधलेले असतात, त्या कुटुंबांविषयी तो काही सांगत नाही. चेण्याप्रमाणेच मुंबईच्या परिसरातील, परंतु रायगड जिल्ह्यात येणाऱ्या माथेरानला घोडा आजही वाहतुकीचे साधन आहे. प्रस्तुत लेखात प्रथम घोड्याच्या शरीरधर्मातून घरची दिनचर्या कशी घडते हे पाहून, नंतर माथेरानच्या उदाहरणावरून या दिनचर्येचा सार्वजनिक धोरणाशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पोटाचे घड्याळ

गाय वा म्हैस चारा खाऊन निवांत रवंथ करते. घोडा रवंथ करणारा प्राणी नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि चाऱ्यातील तंतूंचे पचन मुख्यतः मोठ्या आतड्यात, सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने होते. त्यामुळे निसर्गतः तो दिवसरात्र थोडे थोडे चरत राहतो. शिवाय त्याला ओकारी करता येत नाही. एकाच वेळी भरपूर चंदी दिली, चारा अकस्मात बदलला किंवा पाणी कमी पडले, तर पोटशूळ उठतो आणि तो प्राणघातकही ठरू शकतो. म्हणूनच चारा अनेकदा विभागून घालणे, चंदीपूर्वी गवत देणे, तापून आलेल्या जनावराला आधी फिरवून शांत करणे, या गोष्टी अनुभवी अश्वपालकाच्या घरात नियमासारख्या पाळल्या जातात.

या नियमांना लागणारे श्रम आकड्यांत मांडून पाहता येतील. घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा लागतो. तीनशे किलो वजनाचे एक तट्टू धरले, तर हे प्रमाण सहा किलो होते. घरी अशी पाच तट्टे असतील, तर दिवसाला तीस किलो, म्हणजे महिन्याला नऊशे किलो चारा झाला. प्रत्येकी वीस लिटर पाणी धरले, तरी पिण्यासाठीच शंभर लिटर पाणी भरावे लागते. रोज निघणारी लीद पन्नास किलोच्या आसपास जाते. हे काम वर्षाचे ३६५ दिवस असते. त्याला रविवार नाही, दिवाळी नाही.

दावणीची शिस्त

एक घोडा पाळणे आणि पाच घोडे पाळणे यांत केवळ संख्येचा फरक नाही. घोडा कळपात राहणारा प्राणी असून प्रत्येक कळपात मानाची एक उतरंड ठरलेली असते. कोणी आधी खायचे, कोणी बाजूला सरायचे, हे जनावरे कान मागे पाडून, मान उगारून परस्परांना सांगत असतात. दबलेल्या जनावराला वेगळा तोबरा बांधला नाही, तर ते हळूहळू खंगते. नवे जनावर आणल्यावर ही सर्व मांडणी पुन्हा ठरते. कोण कोणाशेजारी बांधायचे, माजावर आलेली घोडी कुठे ठेवायची, अकरा महिन्यांची गाभण घोडी विण्याच्या सुमारास रात्री कोण जागायचे, हे निर्णय घरातील माणसांना रोज घ्यावे लागतात. घोडा उभ्याने डुलकी घेतो. परंतु गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना, आडवे व्हावे लागते. त्यासाठी कोरडी आणि पुरेशी जागा हवी. घर लहान असले की जागेचा हा प्रश्न माणसांच्या जागेशीच येऊन भिडतो.

खूर, नाल आणि पावसाळा

घोड्याचे खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून नाल बदलावी लागते. रोज खरारा करताना अंगावरील जखमा, तंगाखालील कातडी आणि खुरांत अडकलेले खडे तपासले जातात. खरारा म्हणजे केवळ स्वच्छता नव्हे, तर ती जनावराची दैनंदिन तपासणीच असते. कोकणपट्टीतील पावसात सतत ओल्या जमिनीवर उभे राहिल्याने खुराचा मधला मऊ भाग सडतो. घोडमाश्यांमुळे सर्रा या रोगाचा फैलाव होतो. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग तर माणसालाही होऊ शकतो आणि तो आढळल्यास जनावर मारावे लागते. दावणीला लागून राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने पशुआरोग्य आणि गृहआरोग्य यांत भिंत नसते.

माथेरान : बांधलेले उत्पन्न, न थांबणारा खर्च

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरान हे थंड हवेचे ठिकाण १८५० मध्ये ह्यू मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराने पुढे आले. येथे मोटार वाहनांना मनाई असून खासगी गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून गावापर्यंतची वाट पायी, घोड्यावर, छोट्या रेल्वेने किंवा रिक्षाने कापावी लागते. मालाची ने-आणही काही अंशी घोड्यांवरून होते. म्हणजे घोड्यांच्या चाऱ्याची वरवरची वाहतूकसुद्धा बव्हंशी अशाच साधनांवर अवलंबून असते.

अश्वपालकाचे उत्पन्न सुट्ट्या आणि शनिवार-रविवारला बांधलेले आहे, खर्च मात्र रोजचा आहे. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत हा विरोध स्पष्ट झाला. बंद मोटारीला इंधन लागत नाही. उभ्या घोड्याला मात्र चारा लागतोच, आणि पुरेशी हालचाल नसेल तर तो आजारीही पडतो.

यात घरातील श्रमांचा हिशेब कोठेही दिसत नाही. लगाम धरून पर्यटकाबरोबर चालणारा माणूस दिसतो आणि त्याचाच परवाना असतो. पहाटेची लीद, पाणी, चारा आणि आजारी जनावराची रात्र ही कामे घरातील इतरांवर येतात. मेंढपाळ धनगरांच्या स्थलांतरात हेच अधिक स्पष्ट दिसते. तेथे घोड्यावर बिऱ्हाड लादणे, उतरवणे आणि नव्या मुक्कामी वाडा मांडणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. तरीही हिशेब मेंढरांचा होतो.

धोरण आणि घर

घोड्याच्या हिताचा प्रश्न गौण नाही. ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी तट्टासाठी ७० किलो ओझ्याची आणि दिवसाला नऊ तास कामाची कमाल मर्यादा घातली आहे. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरींसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. माथेरानमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील परवानगीने ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून चालकांचे पुनर्वसन करण्यास सांगितले. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा संपणे स्वागतार्हच आहे.

तथापि येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. हातरिक्षा बंद झाली की लाकडी सांगाडा बाजूला ठेवून चालकाला ई-रिक्षा देता येते. घोडा असा बाजूला ठेवता येत नाही. त्याचे आयुष्य पंचवीस वर्षांपर्यंत असू शकते आणि उत्पन्न आटले तरी त्याच्या पोटाचे घड्याळ थांबत नाही. अशा वेळी जनावर विकले जाते किंवा अर्धपोटी राहते. ज्याच्या हितासाठी बदल केला, त्याचेच हाल प्रथम सुरू होतात.

समारोप

घरची पागा ही व्यवसायाची जागा, पशूचे निवासस्थान आणि कुटुंबाचे घर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असते. म्हणून पुनर्वसनाचे एकक परवाना न धरता कुटुंब आणि त्याची दावण हे धरावे लागेल. चाऱ्याची तरतूद, नियमित पशुवैद्यकीय सेवा, वृद्ध घोड्यांची सोय आणि घरातील न मोजलेल्या श्रमांची नोंद या किमान चार बाबी त्यात याव्यात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विभागांतील अध्यापकांनी विद्यार्थ्यांसह अशा एखाद्या घराच्या केवळ चोवीस तासांची नोंद केली, तरी पशुगणनेत न दिसणारे बरेच काही हाती लागेल. घोडबंदरप्रमाणे माथेरानमध्येही घोडा उद्या नावापुरता उरणार असेल, तर निदान त्याच्याबरोबर काय जाणार आहे, याची नोंद आज होणे आवश्यक आहे.